शेटजींचा सोमवार

आमच्या विहीणबाईंनी जन्मात एकच गोष्ट न मोजता केली, ती म्हणजे बोलणं. बाकी सगळं काट्यावर. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांच्या मालकांची आडत होती. मालक गेले, आडत बंद झाली, पण दुकानातला पितळी तराजू त्यांनी घरी आणून देवघराशेजारी टांगला. चहाची पत्ती मोजून, वरणाची डाळ मोजून, दिवाळीत करंजीतलं सारणसुद्धा मोजून. माझी लेक त्या घरात नवी सून म्हणून गेली तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं कणीक अंदाजानं मळली, तर या दिवसभर तिच्याकडे चोर पकडल्यासारख्या बघत राहिल्या. मी भेटले की आजही राम राम नंतर, वजन आधी. "दोन किलो उतरल्या विहीणबाई. तुमचा पोरगा जेवायला घालत न्हाई का?" आणि दोनच किलो उतरलेले असतात, ही खरी पंचाईत.

मी नांदेडची. माघात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस म्हणून लातूरला लेकीकडे आले आणि दिवाळीपर्यंत राहिले, त्याला कारण डोळा नव्हे, मांजर. आमची दोघींची नात पुण्याला नोकरीला गेली आणि जाताना आपला बोका विहीणबाईंच्या ओटीत टाकून गेली. त्याचं नाव तिनं लिओ ठेवलेलं. विहीणबाई त्याला शेटजी म्हणायच्या, कारण तो गादीवर बसला की पोट आधी बसायचं आणि शेटजी मागून. त्या घरात मांजरालाही अंदाजानं घालत नसत. माझी लेक मोजून घालायची, जावई मोजून घालायचे, विहीणबाई मोजून घालायच्या, कामवाली बाई मोजून घालायची. चौघांची बेरीज मात्र कुणी केली नव्हती. मी आले तेव्हा शेटजी सात किलो भरत होते. त्याला पाठ चाटता येत नव्हती, पलंगावर उडी मारता येत नव्हती, उडी मारायच्या विचारात तो पलंगाखाली बसून राहायचा.

जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला उचलला, परत ठेवला आणि स्वतःची कंबर चोळली. म्हणाले, साखरेचा आजार दारात उभा आहे; वजन पाच-सव्वापाचवर आणा, पण हळू, महिन्याला पाव किलोच्या वर नाही. दूध-पोळी बंद, पाकिटातले दाणे बंद. नातीनं पुण्याहून फोनवर फर्मान काढलं की लिओला आता घरी केलेलं कच्चं कोंबडीचं मटणच द्यायचं. डॉक्टर म्हणाले, शिजवून द्या, कच्च्यात जंतू असतात. ती ऐकेना. शेवटी डॉक्टरांनी अटी घातल्या: मटण आधी गोठवायचं, त्यात काळीज किती, कॅल्शियम किती, त्यांनी दिलेली औषधाची पांढरी पूड किती, सगळं मोजून, आणि त्याला उपाशी ठेवायचं नाही. 'मोजून' हा शब्द ऐकताच विहीणबाईंचा चेहरा उजळला. त्यापुढचं त्यांनी ऐकलंच नाही. मी ऐकलं होतं.

आता गंमत बघा. शिवाचं करणारं घर, गळ्यात लिंग, अंड्याचं नाव काढलं तरी खिडकी उघडणार. त्या घरात कच्ची कोंबडी! पण नातीचा शब्द. विहीणबाईंनी एका दिवसात घटना लिहिली. मटण जिन्याच्या वर येणार नाही. जिन्याखाली छोटा फ्रीज. माळ्यावरचा लोखंडी काटा मटणाचा, पितळी काटा देवाचा, दोघांची सावलीसुद्धा एकमेकांवर पडता कामा नये. कापणार मी, कारण मी खाणारी. मोजणार त्या, कारण मोजणं दुसऱ्याच्या हाती देणं त्यांना मरणाहून वाईट. "मी काट्याकडं बघते, मालाकडं न्हाई," म्हणायच्या. मी पारड्यात खिमा ठेवायचा, वर कागद झाकायचा. तेवढाच कागद दुसऱ्या पारड्यात, म्हणजे कागदाचं वजन कोंबडीत यायला नको. एका वेळेला ऐंशी ग्रॅम, दिवसाला दोनदा. मी चिमूट जास्त टाकली की कागदावरूनच ओरडायच्या, "काढा! काढा! मोंढ्यात जन्म गेला माझा." कॅल्शियमसाठी अंड्याच्या टरफलाची पूड लागायची. ती माझ्या अंड्यांची. मी गच्चीत टाकीमागं बसून चोरासारखी उकडलेली अंडी खात होते, त्या टरफलांना त्या घरात पहिल्यांदा मान मिळाला.

दर रविवारी दहाला शेटजींचं वजन. बाजाराची कापडी पिशवी, तिच्यात शेटजी, बाहेर नुसतं तोंड, आणि पिशवी हुकाच्या काट्याला. तो असा काही बघायचा की जणू आम्ही त्याला विकायला काढला आहे. फोनवर पलीकडे नात. ती पूर्वी महिन्यातून दोनदा बोलायची, मांजर मागे ठेवल्यापासून रोज बोलू लागली. "आजी, लिओ दाखव." विहीणबाई मांजर दाखवायच्या आणि मांजराच्या मागून स्वतःचा चेहरा हळूच पडद्यात आणायच्या. मला ते दिसायचं. फोन ठेवल्यावर त्या शेटजीला पिशवीतून काढायला विसरायच्या, यावरून काय ते समजावं.

भांडण व्हायचं ते सोमवारवरून. सोमवारी त्यांचा उपवास, प्रदोषाला उपवास, अमावस्या पाळायच्या. त्या दिवशी जिन्याखालचा फ्रीज उघडायचा नाही. म्हणजे मांजरालाही सोमवार.

मी म्हणले, "विहीणबाई, त्याला काय मोक्ष पायजे का?"

"घरात राहतो ना? मग घरचा नेम पाळंल. उलट वजन उतरंल."

"डॉक्टर काय म्हणले, ध्यानात हाय का?"

"डॉक्टरला महादेवाचं काय कळतंय?"

आणि खरंच, मंगळवारी शेटजी ताजातवाना. सहा महिन्यांत वजन पावणेसहावर आलं. विहीणबाई गल्लीभर सांगत सुटल्या, सोमवार मानवला म्हणून. फक्त एक गोष्ट त्यांना छळायची. काट्याच्या मानानं वजन थोडं कमी उतरत होतं. आठवड्याला साठ ग्रॅम जायला पाहिजेत, जायचे पन्नास. त्या काटा तपासायच्या, वजनं घासायच्या, माझ्याकडे संशयानं बघायच्या. मी डोळ्यात औषध घालून पडून राहायची.

कारण दर सोमवारी टाकीमागं मी एक अंडं खात होते आणि एक शेटजी खात होते. मी काही दयाळू बाई नाही. मला मांजरं आवडतही नाहीत. पण भुकेलं जनावर समोर बसून माझ्या हाताकडे बघतंय आणि मी खातेय, हे मला जमत नाही. बोलून भांडण्यापेक्षा अंडं घालणं सोपं होतं. सोपं केलं, तिथंच चुकलं.

पोळ्याला मी मुखेडला भावाकडे गेले. शनिवारी एसटी धरली, बुधवारी परत. निघताना विहीणबाईंना म्हणणार होते, की सोमवारी त्याला काही तरी घाला. जीभ उचलली नाही. विषय काढला असता तर अंडं बाहेर पडलं असतं. वाटलं, एक सोमवार आहे, काढेल. माझ्या डोक्यात बैल होते, पंचांग नव्हतं. रविवारी प्रदोष, सोमवार तो श्रावणातला शेवटचा, मंगळवारी पोळ्याची अमावस्या. तीन दिवस जिन्याखालचा फ्रीज बंद. शेटजीपुढं भगर ठेवली. त्यानं तिचा वास घेतला आणि पायानं माती लोटल्यासारखं केलं. घरात काट्याच्या कारभारात बोलायची लेकीची आणि जावयाची सवय मोडलेली, त्यांनी विचारलं नाही.

बुधवारी दुपारी मी दारात आले तर विहीणबाई जिन्यात बसलेल्या. पुढ्यात ऐंशी ग्रॅम खिमा. कागद नाही. त्या सरळ मालाकडे बघत होत्या.

"खाईना गेलाय," म्हणाल्या. "सकाळपासून तीनदा चमच्यानं मोजून ठेवला."

शेटजी पलंगाखाली भिंतीकडे तोंड करून होता. ओढून काढला. कान आतून हळदीचं बोट लावल्यासारखे पिवळे. मी पिशवी घेतली, तीच वजनाची, त्यात त्याला घातला आणि रिक्षा केली.

डॉक्टरांनी विचारलं, "खाल्लं कधी होतं?"

"शनिवारी. पण सोमवार तर तो नेहमीच करतो," विहीणबाई म्हणाल्या.

"कोण करतो?"

"शेटजी."

डॉक्टरांनी चष्मा काढला. मग लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. जाड मांजर असं दिवसचे दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी लिव्हरवर चढते. मग त्याची खायची इच्छाच मरते. आता सलाईन लावू, दर दोन-तीन तासांनी नळीच्या पिचकारीनं पातळ खाणं तोंडात सोडा. दोन दिवसांत स्वतःच्या तोंडानं खाल्लं तर आशा. नाही खाल्लं तर मी काही सांगत नाही.

शनिवारी गणपतीला नात येणार होती.

सलाईन थेंब थेंब पडत होतं. विहीणबाई थेंब मोजत होत्या, ओठ हलत होते. मी म्हणले, "मोजू नका. ऐका. मी दर सोमवारी त्याला अंडं घालत होते."

त्या थांबल्या. मला वाटलं, आता दवाखाना डोक्यावर घेतात. त्यांनी मोजून तीन शब्द विचारले. ही त्यांची बोलणं मोजायची पहिली वेळ.

"कच्चं का उकडलेलं?"

"उकडलेलं."

"अख्खं?"

"अख्खं."

"तरीच," म्हणाल्या, "काटा खोटा न्हवता." आणि तोंडाला पदर लावला. थोड्या वेळानं पदरातूनच म्हणाल्या, "बोलायचं होतं ना विहीणबाई. मी काय खाऊन टाकलं असतं का तुम्हाला?" आता थेंब मी मोजायला लागले.

बुधवार, गुरुवार पिचकारी. निम्मं त्याच्या पोटात, निम्मं आमच्या लुगड्यावर. फोन यायचा. "आजी, लिओ दाखव." विहीणबाई म्हणायच्या, झोपलाय. दुसऱ्यांदाही झोपलाय. तिसऱ्यांदा त्यांनी फोन उचललाच नाही, वाजू दिला. जिच्या फोनसाठी सहा महिने काटे घासले तिचा फोन. लेक म्हणाली, तिला खरं सांगून टाका. विहीणबाई म्हणाल्या, "सांगते की. आधी तो एक घास खाऊ दे."

शुक्रवारी हरताळका. उपवासाचा दिवस. सकाळी डॉक्टरांनी शेटजीची कातडी ओढून बघितली आणि हात धुवायला निघून गेले. घरी आलो. त्यानं पिचकारीसुद्धा जिभेनं बाहेर ढकलली. विहीणबाई उठल्या, जिन्याखाली गेल्या आणि फ्रीज उघडला. काळजाचा तुकडा काढून कोमट पाण्यात ठेवला, आणि मी हात पुढे करायच्या आत आपल्या बोटांनी चुरला. जन्मात मटणाला न लागलेली बोटं. मी म्हणले, "काटा आणू का?" त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मग चुरलेलं काळीज डाव्या तळहातावर घेतलं. त्याच तळहातावर त्या रोज सकाळी लिंग ठेवून पूजा करतात. तो हात शेटजीच्या नाकाखाली धरून फरशीवर बसल्या. त्यांचे गुडघे दुखतात, त्यांना खाली बसता येत नाही.

"महादेवा," म्हणाल्या, मोठ्यानं, शेजारी उभं असलेल्या माणसाशी बोलावं तसं, "यानं खाल्लं तर मी तुझा सोमवार सोडते."

देवाला उपवास धरायचा नवस करणाऱ्या बाया मी ढिगानं बघितल्या. सोडायचा नवस करणारी ही एकच.

पहिला घास हातावर तसाच वाळला. दुसरा घेतला. भिंतीवरचं घड्याळ अडीच वाजल्याचं दाखवत होतं, मी त्याच्याकडेच बघत होते, कारण मांजराकडे बघवत नव्हतं. मग खरखर आवाज आला, पॉलिश पेपर लाकडावर घासल्यासारखा. शेटजी तळहात चाटत होता. विहीणबाई हलल्या नाहीत. तो हात त्यांनी दुसऱ्या हातानं धरून ठेवला. सगळं चाटून झालं तरी तो नुसताच हात चाटत राहिला आणि त्यांनी तो चाटू दिला.

"किती खाल्लं असंल?" मी विचारलं.

"काय म्हाईत," म्हणाल्या.

मग त्यांनी आधी फोन लावला आणि नातीला सगळं सांगितलं, अंड्यासकट, प्रदोषासकट. पलीकडून पोरगी रडली, ओरडली, मग परत रडली. आंघोळ त्यानंतर.

शेटजी जगला. दिवाळीत सव्वापाच किलो भरला. नातीला पुण्यात मांजर चालणारी खोली मिळाली, ती त्याला टोपलीत घालून घेऊन गेली. विहीणबाईंनी सोबत लोखंडी काटा द्यायचा लई आग्रह केला, तिनं नेला नाही. मीही नांदेडला परत आले. नातीचे फोन आता पुन्हा महिन्यातून दोनदा. पोरगी वाईट नाही, कामात असते. जिन्याखालचा फ्रीज अजून तिथंच आहे, रिकामा, चालू. बंद करा म्हणलं तर म्हणतात, बंद राहिला की खराब होतो.

सोमवारी दुपारी मात्र मला फोन येतो. चाळीस वर्षांचा नेम मोडलेली बाई, दुपारच्या रिकाम्या घरात एकटीला घास उतरत नाही म्हणून मला सांगून जेवते. "बसले बघा विहीणबाई. दोन पोळ्या, वरण." मी विचारते, मोजून का? त्या म्हणतात, "सोमवारी न्हाई मोजत." तेवढंच बोलणं.

फोन कधी एकला येतो, कधी तीनला. तो येईपर्यंत मी ताट वाढून घेत नाही. उपवास बिपवास काही नाही. माझा त्यावर विश्वास नाही.