तुर्की खाटकाचा खिमा

माझे वडील कोल्हापुरात वजनमापे खात्यात होते. दुकानदारावर संशय घेणं हीच त्यांची आयुष्यभराची नोकरी. मी आयर्लंडमधल्या ट्रली गावच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. गेल्या उन्हाळ्यात ते माझ्याकडे राहायला आले, तेव्हा एका शनिवारी मी त्यांना गावातल्या तुर्की खाटकाकडे घेऊन गेले.

"लॅम्ब मिन्स, एक किलो," मी म्हणाले.

"कियमा?" खाटकाने विचारलं.

बाबांनी माझा दंड धरला. "ह्याला खिमा कसं म्हाईत? आपल्या माणसांकडनं शब्द उचललाय. गोड बोलून गाईचं गळ्यात मारणार, बघ."

खाटकाला मराठी कळत नव्हतं, पण सूर कळला. काय झालं, म्हणून त्याने विचारलं. मी अवघडून सांगितलं, की वडिलांना वाटतंय, हा शब्द तुम्ही आमच्याकडून शिकलात.

तो हसला. "नाही हो डॉक्टर, माझ्या आजीचा शब्द आहे. कियमाक म्हणजे बारीक कापणं."

मी तिथेच फोनवर शोधलं. शब्द खरंच तुर्की निघाला. फारसीवाटे तो हिंदुस्थानात आला आणि मराठीत खिमा झाला. बाबांना वाचून दाखवलं.

"फोनवर कोण बी काय बी लिहितंय." मग त्यांची नजर खिमा काढायच्या मशीनवर गेली. "ह्यातनं आधी काय काढलंय, इचार त्याला."

मला विचारवेना. बाबांनीच मशीनकडे बोट केलं. "काऊ?"

खाटकाचं हसू मावळलं. सकाळी बीफ काढलं होतं, नंतर मशीन धुतलंय, असं त्याने सरळ सांगितलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. आता हा माणूस आम्हाला बाहेर काढणार, असं मला वाटलं. पण त्याने मेंढीच्या खांद्याचं मटण घेतलं, आतून कोरी फळी आणली आणि एक रुंद, वाकडी सुरी दोन्ही हातांनी चालवायला लागला. मागे रांग लागली. एक बाई घड्याळ बघून निघून गेल्या. बाबा काउंटरला टेकून प्रत्येक घाव बघत होते.

"कियमा," पुडकं पुढे करत तो म्हणाला.

"खिमा," बाबांनी सुधारलं, आणि घेतलं.

दुपारी भाकरीशी त्यांनी तो दोनदा मागून घेतला. हात धुताना म्हणाले, "एवढी वर्सं तू मशीनचाच खात होतीस नव्हं?"

"हो."

"कधी इचारलंस?"

"नाही."

पुढच्या शनिवारी मी उठायच्या आत ते एकटेच चालत त्या दुकानात गेले होते.