रिकाम्या डब्यातले तांदूळ

आमच्या घरात गरिबी होती. पण ती सिनेमात घेण्याजोगी आहे, हे मला बी.ए.च्या शेवटच्या वर्षी कळलं.

तोपर्यंत ती नुसतीच होती. गिरणीचा संप लांबत लांबत विझला आणि बाबा घरी बसले. म्हणजे अगदी बसले असंही नाही. रोज सकाळी साकीनाक्याला जायचे, गाळ्यागाळ्यातून काम आहे का विचारायचे आणि दुपारी परत यायचे. आई साड्यांना फॉल लावायची. घाटकोपरच्या डोंगरावर आमची दहा बाय बाराची खोली. तांदळाच्या डब्यात वाटी घातली की तळाचा टण्ण असा आवाज व्हायचा. तो शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून आई डबा तिरका करून, वाटीला बोट लावून, चोरासारखे तांदूळ काढायची. स्वतःच्याच डब्यातून!

अशा घरातली मी, शुभा, अंधेरीच्या कॉलेजात बी.ए. करत होते. आमच्या घराण्यात तोवर सर्वात जास्त शिकलेले म्हणजे बाबा, सातवी. (नापास. पण हे गावाला माहीत नव्हतं.)

त्या वर्षी कॉलेजनं एक नवा ऐच्छिक विषय काढला होता. त्यात पन्नास मार्कांचं प्रात्यक्षिक होतं : लघुपटाची सुरुवात तयार करणे. अख्खा लघुपट नाही, कारण प्रत्येकाला रीळ एकच मिळायचं आणि ते तीन मिनिटांत संपायचं. कॅमेराही एकच. हा विषय शिकवणाऱ्या लेले सरांच्या मेव्हण्यानं तो लंडनहून आणलेला, हातात मावणारा आणि मुका. चित्र घ्यायचा, आवाज नाही. लेले सरांनी सांगितलं होतं, बघणाऱ्याला तीन मिनिटांत तीन गोष्टी कळल्या पाहिजेत. माणूस कोण आहे, कुठं राहतो आणि त्याची नड काय आहे. बाहेरचे परीक्षक येऊन याच तीन रकान्यांत मार्क देणार होते. प्रात्यक्षिकात नापास म्हणजे विषयात नापास, आणि विषयात नापास म्हणजे बी.ए. पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षीची फी भरायची ऐपत आमच्यात नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे एकदाच काय ते.

बाकीची मुलं विषय शोधत हिंडत होती. मला विषय शोधायची गरजच नव्हती. कोण, कुठं, काय नड : तिन्ही गोष्टी आमच्या खोलीत उभ्या होत्या. माझ्या फिल्मचं नाव 'रिकामा डबा'. आई तांदळाचा डबा उघडते. डबा रिकामा. चेहरा उतरतो. दारातून बाबा थकून येतात, काम मिळालेलं नाही. दोघं एकमेकांकडे बघतात. बस. माझ्या डोळ्यांत तर लिहितानाच पाणी आलं. माझं काम एवढंच होतं, की आहे ते आहे तसं घ्यायचं. यात चुकण्यासारखं काय आहे?

कॅमेरा मिळायच्या आदल्या दिवशी मी आईला सगळं समजावून सांगितलं. तिनं फॉलचा दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, बरं. माझी आई 'बरं' म्हणते तेव्हा तिला काहीही बरं वाटलेलं नसतं, हे मी एकवीस वर्षांत शिकायला हवं होतं.

सकाळी मी अंधेरीला कॅमेरा आणायला गेले. तो संध्याकाळी पाचच्या आत परत द्यायचा होता, दुसऱ्या दिवशी पुढच्या मुलीचा नंबर. दुपारी एक वाजता डोंगर चढून घरी पोचले आणि मला वाटलं, मी चुकीच्या खोलीत शिरले.

भिंतीला चुना लावलेला. कॉटवर चादर नवी, तिच्यावर घडीच्या रेषासुद्धा दिसत होत्या. आई लग्नातल्या शालूत. आणि कोपऱ्यात, जिथं माझी अभ्यासाची पत्र्याची पेटी असायची तिथं, एक पांढराशुभ्र फ्रिज!

अख्ख्या चाळीत फ्रिज एकाच घरी, सावंतकाकूंकडे. त्यांचा मुलगा दुबईला होता. चौघा बाप्यांनी तो फ्रिज तीन खोल्या ओलांडून आमच्याकडे आणला होता आणि ते चौघं आता दुसऱ्या पाळीला निघून गेले होते. म्हणजे रात्री अकरापर्यंत फ्रिज आमचा. शेजारी सावंतकाकू उभ्या होत्या, एक हात फ्रिजवर ठेवून, गाईला धरतात तशा.

मी म्हटलं, "आई, हे काय गं?"

"आमच्या घरात सिनेमा येतलो आनि लोकांका काय दाखवतलंव? पोपडे?"

"अगं पोपडेच तर दाखवायचेत!"

"आनि गावात कोणी बघल्यान तर? तुज्याशी लगीन कोण करतलो?"

मी समजावलं की ही फिल्म गावाला काय, कॉलेजच्या बाहेरसुद्धा जाणार नाही. पण आईच्या मते सिनेमा म्हणजे सिनेमा. आज अंधेरीत लागला, उद्या कणकवलीत लागेल.

एवढ्यात सावंतकाकू म्हणाल्या, "शुभा, लवकर आटप हां. लाइट काढलाय आणि आत सुरमई आहे."

आमच्या खोलीत प्लगच नव्हता. तेव्हा माझ्या बी.ए.ला आता दोन मुदती लागल्या : एक कॅमेऱ्याची आणि एक सुरमईची.

फ्रिज हलवायला माणसं नाहीत, तर तो टाळून कॅमेरा लावू, असं मी ठरवलं. दहा बाय बाराच्या खोलीत फ्रिज टाळता येत नाही. दारात उभं राहिलं तर समोर फ्रिज. कॉटवर चढलं तर खाली फ्रिज. फ्रिजला टेकून उभं राहिलं तर फ्रिज जातो, पण मग चूल आणि आई दोन्ही जातात. शेवटी मी मनाची समजूत घातली, की डबा महत्त्वाचा. डबा रिकामा दिसला की फ्रिजकडे कोण बघतंय?

मी डब्याचं झाकण काढलं. डबा काठोकाठ भरलेला.

अकरा घरांतून आईनं वाटी वाटी तांदूळ जमवले होते. अकरा घरांचे अकरा तऱ्हेचे. जाड, बारीक, रेशनचे, उकडे. थर दिसत होते, डोंगर कापल्यावर मातीचे दिसतात तसे.

"रिकामो डबो उघडूचो? माज्या हातान?" आई म्हणाली. "कदी नाय. खरोखरचो रिकामो आसलो तरी मी कोणासमोर उघडूक नाय, शुभा. आता काय मार्कांसाठी उघडू?"

घरात मीठ संपलं तर 'वाढलं' म्हणणारी ही बाई. तिला मी कॅमेऱ्यासमोर डबा उपडा करायला सांगत होते. आता ऊनही कलायला लागलं होतं. पत्र्यात एक काच बसवलेली होती, तिच्यातून आणि दारातून येईल तेवढाच आमचा उजेड. मी तह केला. डबा भरलेला राहू दे. फक्त तोंड तुझ्याकडे कर, कॅमेऱ्याकडे नको. आत बघ आणि रड. आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही, कॅमेरा मुका आहे, नुसती तोंडं हलताना फार वाईट दिसतात. आई म्हणाली, बरं.

तेवढ्यात खोलीत अंधार झाला. वर बघितलं तर ढग नव्हते. दारात अकरा बायका उभ्या होत्या. आपापले तांदूळ सिनेमात जाताना बघायला आल्या होत्या आणि त्यांना हाकलायचा मला काय अधिकार? त्यांच्या तांदळावर तर माझी फिल्म उभी होती. दार मोकळं व्हावं म्हणून मी त्यांना आत घेतलं आणि माझ्या पाठीमागे भिंतीला ओळीनं उभं केलं. म्हटलं, इथून हलू नका. त्या हलल्या नाहीत. पुढं जे झालं त्यात त्यांची काही चूक नाही.

मी खटका दाबला. कॅमेरा घरघरू लागला. आईनं डबा उघडला. आत बघितलं. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं डबा थेट कॅमेऱ्याकडे तिरका केला, मूठभर तांदूळ वर काढले आणि बोटांमधून सावकाश खाली सोडले, लग्नात अक्षता नीट निवडल्यात की नाही हे बघावं तसे. मी हातानं खुणा करतेय, रड, रड! तिला आठवण झाली. आणि ती भरल्या डब्याशेजारी, फ्रिजला टेकून, शालूच्या पदरात तोंड खुपसून अशी रडली की माझ्या मागच्या अकरा जणींपैकी दोघींनी नाकं ओढली.

ठरल्याप्रमाणे आता बाबा येणार होते. मी कॅमेरा दाराकडे वळवला. बाबांसाठी मी त्यांचा फाटका बनियन आणि जुनी विजार काढून ठेवली होती. पण घरात फ्रिज आल्यावर माणसानं फाटक्या बनियनवर कसं यायचं? बाबांनी कोट शोधला. चाळीत कोट एकच होता. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या शेजाऱ्याचा. लालभडक, खांद्यांवर सोनेरी झालरी, छातीवर दोन रांगा पितळी बटणं. तो घालून बाबा दारातून आत आले, मान खाली घालून, काम न मिळालेल्या माणसासारखे. अभिनय मात्र त्यांनी अगदी चोख केला. करायचा कुठं होता म्हणा.

बाबा चालत पुढं आले, त्यांच्यामागून मी कॅमेरा फिरवत गेले, आणि फिरवता फिरवता भिंत आली. भिंतीशी अकरा बायका. कॅमेरा आपल्याकडे बघतोय म्हटल्यावर अकराही जणींनी हसून नमस्कार केला. मी घाईघाईनं पुढं सरकले ती फ्रिजवर. इतक्यात उजवीकडून एक हात आला. सावंतकाकूंचा. त्यांनी फ्रिज उघडला, सुरमई अंगठ्यानं दाबली, अंगठा नाकाशी नेला, मान हलवली आणि दार लावलं. त्याच क्षणी रीळ संपलं.

रीळ धुऊन यायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे मी देव, लेले सर आणि रीळ धुणारा, तिघांवर भरोसा ठेवून काढले. वाटायचं, धुताना खराब झालं तर बरं. पण काम चोख होतं. सुरमईचा डोळासुद्धा दिसत होता.

परीक्षेच्या दिवशी घरच्यांनाही बोलावलं होतं. बाबांना नेमकं त्या दिवशी साकीनाक्याला एका गाळ्यात काम मिळालं, ते आले नाहीत. आई आली. सावंतकाकू आल्या, त्यांचा फ्रिज होता म्हणून. दोघी मागच्या रांगेत बसल्या. आधी इतरांच्या फिल्म झाल्या. आठांपैकी पाच जणांची सुरुवात घड्याळाच्या गजरानं होत होती. मुकी फिल्म, त्यामुळे घड्याळं नुसतीच थरथरत होती. मग पडद्यावर माझ्या फिल्मच्या नावाचा पुठ्ठा आला, 'रिकामा डबा'. लगेच काठोकाठ तांदूळ.

पहिलं हसू तिथं आलं. बाबांच्या कोटावर वर्ग कोसळला. सुरमईपर्यंत लेले सरांनी चष्मा काढून ठेवला होता.

परीक्षक हसले नाहीत. ते स्वतः सिनेमे जोडायचं काम करणारे, पिकलेल्या दाढीचे गृहस्थ. त्यांनी मला उभं केलं. म्हणाले, "मला एवढंच कळलं की ही कुणीतरी श्रीमंत बाई आहे. घरी बँड आहे, फ्रिज आहे, पाहुणे आहेत. मग ती रडते का? तिची नड काय?"

खरं सांगावं, तर आईला सगळ्यांसमोर उघडं पाडावं लागणार होतं, आणि खोटं काही सुचत नव्हतं. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"श्रीमंत खंयचे आमी, सायबा?" आई उभी होती. "फ्रिज ह्या सावंतबायचो. तांदूळ अकरा घरांतले, सांजेक वाटी वाटी परत केले. ह्यांचो कोट बँडवाल्याचो. दोन वर्सां झाली, ह्यांका काम नाय. घरातलो डबो त्या दिवशी रिकामोच होतो. ह्या माज्या चेडवाक तोच दाखवूचो होतो, मिया दाखवूक दिलंय नाय. ता खोटा माजा, तिचा नाय. मार्क कापूचे तर माजे कापा."

एवढं बोलून ती खाली बसली. सावंतकाकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. ज्या गोष्टीला अख्खी चाळ कामाला लावून तिनं चुना फासला होता, ती तिनं एका दमात वीस परक्या माणसांना सांगून टाकली होती.

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. मग हळूच म्हणाले, "बाई, कॅमेरा मुका आहे, पण शब्द पुठ्ठ्यावर लिहून दाखवता येतात. हेच तुम्ही त्याच्यासमोर का नाही बोललात?"

आईनं माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्येनाच सांगल्यान, तोंड उघडू नको."

आठवड्यानं मार्कांचा कागद मिळाला. कोण, कुठं आणि नड, तिन्ही रकान्यांत कंजूषपणे काहीतरी भरलं होतं आणि खाली शेरा होता : 'अभिनय उत्तम. तांदूळ विपुल. दिग्दर्शन आढळले नाही.' पन्नासपैकी अठरा. पास व्हायला बरोबर अठराच लागायचे. मी खूप विचार करून हिशोब मांडला, की त्यातले सतरा आईचे आहेत आणि एक माझा, कॅमेरा पाचच्या आत परत केला त्याचा. त्या एका मार्कावर मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर.