दाजींचं मेज

दाजी गेल्याचा निरोप चौसाळ्याहून आला तेव्हा मी पाटोद्याला चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. पहिलं मनात आलं ते हे, की अक्का आता त्या मेजापाशी उभी असेल... महिना उलटून गेला. लोक दाजींच्या दुकानाबद्दल, सचोटीबद्दल बोलतात, ते खरंच आहे. पण मन्मथअप्पा हा माणूस कळायचा तर त्यांचं मेज कळायला हवं, आणि ते सांगायला मेहुणीइतकं हक्काचं दुसरं कोण?

निजामाच्या अमलातली गोष्ट. अक्काचं लग्न नुकतंच झालेलं. माहेराहून परतताना बैलगाडी उलटली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण पाय ताठ राहिला. मांडी घालता येईना, उकिडवं बसता येईना. चुलीपुढं बसता येत नाही अशी सून लिंगायत वाण्याच्या घरात करणार काय? दाजींच्या आईला सगळे माय म्हणायचे. बाई करारी, पण मनात एक अन् ओठात एक असली नव्हे. तिनं सरळ सांगितलं, "गिरजाला माहेरी धाडा. सैपाकाला दुसरी आनावीच लागंल." निरोप आमच्या घरी पोचला, तशी मी रडत बसले. दुसऱ्या दिवशी दाजी आले ते हसतच. मला म्हणाले, "रडायलीस कावून? बसता येत न्हाई तर उभ्यानं करंल की!"

घासलेटचे डबे तेव्हा देवदारी पेट्यांतून यायचे. त्या रिकाम्या पेट्या दाजींनी फोडल्या, फळ्यांचा वास जाईपर्यंत त्या उन्हात टाकल्या आणि स्वतःच मेज ठोकलं. चुलीसाठी भिंतीकडंनं मातीचा उंच ओटाही घातला. सुतारकाम त्यांना येत होतं असं मी मेल्यावरही म्हणणार नाही. मी तेव्हा अक्काच्या सोबतीला तिथंच राहिले होते. मेजाचा एक पाय आखूड झाला, तेव्हा मी म्हटलं, "दाजी, सवत आणलीच शेवटी, आणि तीही लंगडी!" अक्का हसता हसता रडली. हसले सगळ्यांत जास्त दाजीच.

पण मायनं मेजावर पाण्याचं बोट टेकवलं. पांढरं मऊ लाकूड, पाणी बघता बघता आत गेलं. "ह्यात ताक मुरंल, पीठ मुरंल, वास मारंल. माझ्या सैपाकघरात हे न्हाई यायचं." कुणी म्हणालं, हिरवा रंग द्या. माय म्हणाली, "रंगाखाली काय दडलंय कुनाला दिसतंय? मला खालचं लाकूड दिसलं पायजे."

झालं, दाजींना तेवढंच पुरे होतं. उरलेल्या चार फळ्यांना त्यांनी चार गोष्टी चोळल्या, कितीतरी दिवस उन्हात ठेवल्या, आणि एका दुपारी मायपुढं मांडल्या. शेजारी ताक, हळद आणि तापलेला तांब्या. "माय, तूच बग आन् तूच निवड." पहिली फळी लाखेच्या पॉलिशची, आरशासारखी. मायनं वास घेतला. "ह्यात काय हाय?" दाजी खोटं बोलणारे नव्हते. लाख विरघळवायला स्पिरिट लागतं म्हणाले. "म्हंजी दारूच की! लिंगाला हात लावनाऱ्या घरात दारू?" फळी अंगणात गेली. मेणाच्या फळीवर तांब्या ठेवला, तर तो उचलताना फळीही वर आली. जवसाच्या तेलाची पिवळीधमक झाली होती. माय म्हणाली, "ह्याच्यावर हळद सांडली तर कळायची बी न्हाई." राहिली चौथी. करडईचं तेल मंद आचेवर आटवून, पातळ पातळ हात देऊन वाळवलेलं. ताकाचे थेंब तिच्यावर मण्यांसारखे उभे राहिले. मायनं ते पुसले. खाली लाकूड होतं तसं, पांढरं. ती फळीवरून हात फिरवत बसली... "आमचा बाप मोटेच्या नाड्याला हेच तेल आटवून चोळायचा. वर्सानुवर्सं पान्यात, पर कुजला न्हाई." मग म्हणाली, "हेच लावा."

तेल वाळलं त्या दिवशी मायनं स्वतः काठवट मेजावर ठेवली आणि अक्काला म्हणाली, "थाप गं, बगू." दुसरी सून आणायचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. पुढं कधीतरी मी दाजींना गाठलं. करडई चालणार हे तुम्हाला आधीच माहीत होतं ना? ते म्हणाले, "आज्याचा नाडा मी बी बगितलाय. पर मी सांगितलं असतं तर मेज माजं ऱ्हायलं असतं. तिनं तेल निवडलं, मेज तिचं झालं. सोताची वस्तू कोन बाहेर टाकतंय?" असा वस्ताद माणूस. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा, आजही वाटतो.

दर उन्हाळ्यात ते मेजाला तेलाचा एक हात द्यायचे. रोज सकाळी मेजाच्या डाव्या कोपऱ्यावर तळवा टेकवून, उभ्यानंच पहिली गरम भाकरी खायचे. अक्का उभी, म्हणून हेही उभे. त्या कोपऱ्याचं लाकूड हातानं काळसर झालंय. परवा मी चौसाळ्याला गेले तर अक्का एकटीच तेल चोळत होती. सगळं मेज झालं, तो कोपरा मात्र तिनं कोरडा सोडला.

"अक्का, तेवढी जागा राहिली गं."

"ऱ्हाऊ दे. तिथं त्यांचा हात हाय."

"पाणी मुरेल तिथं."

अक्कानं चिंधी खाली ठेवली, काठवट ओढली आणि पिठात हात घातला. "मी उभी हाय न्हवं इथं," ती म्हणाली, "मुरू देनार न्हाई."