टाकीचं चाक

मंगळवार, ९ फेब्रुवारी. कडक थंडी. धुलाईघरातली शेगडी पेटली नाही. उत्तरेकडची टाकी आंबली. संध्याकाळी जाऊबाईंनी दार उघडलं नाही.

एवढं लिहून धाकटीने पेनाला टोपण लावलं. टाकीचं तिला नवल नव्हतं, दाराचं होतं. थोरली कधी कुणाला दाराशी ताटकळत ठेवत नसे. बेल वाजायच्या आत दार उघडायची आणि दाराशीच बोलणं संपवायची. बसायला तिला आयुष्यात वेळ मिळाला नाही. कुंडीत बी पेरलं की दुसऱ्या दिवशी उकरून बघणारी बाई ती. पी हळद आणि हो गोरी, असा सगळा कारभार. थोरले दीर हयात असताना म्हणायचे, "हिच्या हाती घड्याळ देऊ नका, काटे पुढे ढकलेल."

आणि नोकरी संपल्यावर तिने अंगावर घेतली ती सांडपाण्याची टाकी! घरांच्या रांगेला दोन टोकांना दोन टाक्या. उत्तरेची थोरली सांभाळायची, दक्षिणेची धाकटी. टाकी म्हणजे बंद तोंडाचा खोल हौद. घरांचं पाणी तळातून शिरतं आणि काळ्या गाळातून सावकाश वर चढतं. गाळात हवेवाचून जगणारे जीव असतात. ते पाण्यातली घाण खातात, त्यातून गॅस होतो, त्यावर धुलाईघरातलं पाणी तापतं. मोटर नाही, पंखा नाही, विजेचा खर्च नाही. फक्त घाई चालत नाही.

थोरलीला ज्योत मोठी हवी होती. तिने शेजारच्या वसतिगृहातलं उष्टं आणून बादल्याच्या बादल्या टाकीत ओतलं. ज्योत थोडी वाढली, मग टाकी आंबली आणि ज्योत विझलीच. रांगेचे सेक्रेटरी येऊन सांगून गेले, "महिनाअखेर शेगडी पेटली नाही, तर हवा सोडणारं विजेचं यंत्र बसवू. तुम्हालाही विश्रांती."

तो शेवटचा शब्द थोरलीला लागला होता. निवृत्त झाल्यापासून जो तो तिला विश्रांतीच देऊ करत होता.

दुसऱ्या दिवशी धाकटी थेट टाकीपाशीच गेली. थोरली तिथे होती.

"चुना टाकलात?"

"टाकला. सकाळी टाकला, दुपारी टाकला."

"आणि मधे मधे झाकण उघडून पाहिलंत."

थोरलीने झाकणावरचा हात काढून घेतला.

"माझ्या टाकीतला गाळ देते," धाकटी म्हणाली. "विरजण समजा. पण विरजण लावल्यावर पातेलं हलवायचं नाही."

"आता तू मला अक्कल शिकवणार?"

"अक्कल आहे हो तुमच्याकडे. दम नाही."

दोघींनी हातगाडीवरून झाकलेल्या बादल्या नेल्या. घरांचं बरंचसं पाणी तात्पुरतं गावाच्या गटाराकडे वळवलं आणि टाकीत बारीक धार सोडली. मग धाकटीने पान्याने पाण्याच्या व्हॉल्व्हचं चाक काढलं आणि पिशवीत टाकलं.

"म्हणजे मी चोर?"

"चोर असतात तर कुलूप लावलं असतं. सकाळी माझ्याकडे येत जा. धार किती वाढवायची ते मिळून ठरवू."

पहिल्या सकाळी थोरली उंबऱ्यातच उभी राहिली. "चाक दे."

"चहा टाकलाय."

"तुझा चहा उकळेपर्यंत माझी टाकी वाळेल."

पण चाक पिठाच्या डब्यामागे होतं आणि धाकटी चहा गाळल्याशिवाय जागची हलणार नव्हती. थोरली उभ्याउभ्या चहा प्यायली. पुढे स्टुलाच्या कडेला टेकू लागली. मग एका सकाळी मटार सोलता सोलता ती नवऱ्याच्या आजारपणाबद्दल बोलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवशी टाकीकडे जायला उशीर झाला आणि ते दोघींच्याही लक्षात आलं नाही. धार मात्र रोज केसाएवढी वाढत होती.

महिना संपत आला तेव्हा सेक्रेटरींसमोर काडी लावली. शेगडी पेटली. ज्योत बुटकी, निळी. त्यांनी वर हात धरून पाहिला. "यंत्राचं राहू दे मग," म्हणाले आणि गेले.

"एवढीशीच?" थोरली म्हणाली.

धाकटीने नुसतं पाहिलं.

"बरं बाई. वाढेल सावकाश."

धाकटीने पिशवीतून चाक काढून पुढे केलं. "घ्या. आता तुमचं तुम्ही बघा."

थोरलीने ते हातात घेतलं, पदराने पुसलं आणि परत पिशवीत टाकलं. "तुझ्याकडेच असू दे. सकाळी मी येणारच आहे."

त्या संध्याकाळी धाकटीने शेवटची ओळ लिहिली: दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटर जास्त सांगितलं.