जावईबापूंचा अँटिव्हायरस

"हात नका लावू त्याले! जवाईबापूनं टाकेल आहे तो."

दिनकररावांनी माझं मनगटच धरलं. हातात माउस, स्क्रीनवर बाण आणि बाणाखाली लाल-पिवळ्या ढालीचं चित्र. मागे त्यांची धाकटी मुलगी वैशाली उभी होती, रडायच्या बेतात.

तेव्हा माझं शेगावला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुपारी वरवट बकालहून दिनकररावांचा फोन आला, "भाऊ, कंपुटर लय हळू चालून राह्यला, ताबडतोब या." घाई खरीच होती. वैशाली बारावीला उत्तम मार्कांनी पास झालेली. इंजिनीअरिंगला कोणकोणती कॉलेजं हवीत ते ऑनलाइन भरायचा आजचा शेवटचा दिवस. कॅफेवाल्यानं गर्दी बघून हात वर केलेले, आणि पाचला लोडशेडिंग. तोवर काम झालं नाही तर पोरीचं वर्ष वाया.

मी आधी कॉम्प्युटरचा डबा उघडला. निम्मे कॉम्प्युटर धुळीनंच मरतात. हा मात्र आतून लख्ख होता. मग चालू केला. तो जागा होईस्तोवर काकूंचा चहा पिऊन झाला. जागा झाला आणि ती ढाल फडकली, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले आहेत!" आकडा वाढतच चालला. इंटरनेटचं पान उघडलं की ढाल ते बंद करायची आणि पैसे भरून पूर्ण आवृत्ती घ्या म्हणायची.

मला संशय आला. नेटची वायर काढली आणि दुकानातून आणलेला कोरा करकरीत पेन ड्राइव्ह लावला. त्यात काहीच नव्हतं. ढालीला त्यातही भरपूर व्हायरस सापडले.

अँटिव्हायरस म्हणजे कॉम्प्युटरचा राखणदार. पण त्या काळी राखणदाराचा वेश घेतलेले चोरही फिरत. नसलेले रोग दाखवायचे, घाबरवायचं आणि औषधाचे पैसे मागायचे. मी तसं समजावून सांगितलं.

दिनकररावांचा चेहरा उतरला. "म्हंजे जवाईबापूनंच आमच्या घरात चोर घातला म्हंता का?"

"त्यांना ठाऊक नसेल. फुकट मिळाला म्हणून टाकला असेल."

"आखजीच्या सनाले आले तवा दोन घंटे बसून टाकला त्यायनं," काकू म्हणाल्या. "पुरनपोई थंडी झाली, पन उठले नाही."

जावई म्हणजे दहावा ग्रह, हे मी ऐकून होतो. तो कॉम्प्युटरच्या कुंडलीतही बसतो हे त्या दिवशी कळलं. त्यांना विचारल्याशिवाय काढायचं नाही, असं ठरलं. महेशराव औरंगाबादला कंपनीत सुपरवायझर होते. दिनकररावांनी फोन लावून माझ्या हातात दिला.

"किती पकडले त्याने?" महेशरावांनी आधी तेच विचारलं.

"तीनशेच्या वर दाखवतोय."

"बघा! आणि फ्री आहे. तुम्ही तो काढलात तर तीनशेच्या तीनशे मोकळे सुटतील. हाताखालून किती कॉम्प्युटर गेलेत तुमच्या?"

जिभेवर उत्तर आलं होतं. पण समोर दिनकरराव दोन्ही हात जोडून उभे. मी उत्तर गिळलं आणि फोन ठेवला.

"भाऊ, माही कल्पना तिथं नांदते," ते हळूच म्हणाले. "पाव्हन्याले राग आला तं तो तुमच्यावर नाही निंघनार, तिच्यावर निंघंन."

मी घड्याळाकडे बघितलं. साडेतीन वाजून गेले होते.

तेवढ्यात वैशालीचा बांध फुटला. "बाबा, ताईचं सासर सांभायता सांभायता माहं वर्ष जाऊन राह्यलं. त्याचं काय?"

दिनकरराव जमिनीकडे बघत राहिले. मला त्या दोघांचंही वाईट वाटलं, आणि महेशरावांचा असा राग आला की विचारू नका.

फोन वाजला. काकूंनी उचलला. दोन वाक्यं ऐकली आणि मुकाट्यानं माझ्या कानाला लावला. पलीकडे थोरली, कल्पना, शेजारणीच्या घरून कुजबुजत होती.

"भाऊ, ह्यायचं फोनवरचं बोलनं ऐकलं मी. तो ढालवाला ना? काढा पटकन! आमच्या इथचा कंपुटर त्याच ढालीनं महिन्यापासून बंद पडेल आहे. हे कोनाले सांगू देत नाहीत. तुम्ही काढा, फक्त ह्यायले सांगू नका."

मी ते मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं. दिनकररावांनी कपाळाला हात लावला, मग गालातल्या गालात हसले. "काढा मंग. पन ढाल दिसली पाह्यजे बरं! पोळ्याले येनार आहेत ते."

मी कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये चालू केला. सेफ मोड म्हणजे घरातली कामाचीच माणसं तेवढी जागी करायची, पाहुण्यांना झोपू द्यायचं. झोपेतच पाहुण्याला मुळासकट उचलला. खरा अँटिव्हायरस टाकला आणि त्याला वरून जुन्या ढालीचं चित्र चिकटवलं. कॉम्प्युटर भराभर पळायला लागला. वैशालीनं कॉलेजं भरली, पोच मिळाली आणि थोड्याच वेळात लाइट गेले. काकूंनी मला तसंच जेवायला बसवलं. मानाचं ताट होतं, खोटं कशाला बोलू?

वैशालीला अमरावतीला ॲडमिशन मिळाली. पोळ्याला महेशराव आले, कॉम्प्युटरसमोर बसले आणि ढालीवर क्लिक केलं. भलतंच काही उघडलं.

"नवीन व्हर्जन आलेलं दिसतंय," ते सासऱ्यांना म्हणाले. "बघा, कसा पळतोय! काढू दिला नाही म्हणून."

"हाव ना, तुमच्याच किरपेनं," दिनकरराव म्हणाले. हे त्यांनीच मला नंतर दुकानात येऊन सांगितलं, आणि बसल्या जागी पोट धरून हसले.

धंद्यात पुढं पुष्कळ मशिनं आली. पण तेव्हापासून स्क्रू-ड्रायव्हर काढायच्या आधी मी घरच्यांना एकच विचारतो, "यात शेवटचा हात कोणी घातला होता?" आणि लगेच दुसरं, "ते तुमचे कोण लागतात?"