बघायला येणाऱ्यांचा चहा

शेख मकबूल, वय एकसष्ट, राहणार उमरी, धंदा शिलाई. सदर इसम रुग्ण शेषेराव यांचा रक्ताचा, लग्नाचा अथवा भावकीचा कोणीही लागत नाही. वैद्यकीय ज्ञान निरंक. रुग्णाच्या घरात अधिकार निरंक.

शेषेरावांच्या हृदयाची झडप नांदेडला बदलून तेरा दिवस झाले होते. महिनाभर गर्दी नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. डॉक्टरांनी नेमकं काय बजावलं, ते विचारायला अख्खी उमरी घरी आली. आलेल्याला बिनचहाचं पाठवलं तर आजारपणापेक्षा त्याचीच चर्चा जास्त दिवस चालते. त्या दिवशी शेषेरावांच्या बायकोनं, केवळाबाईंनी, एकतीस कप चहा केला.

संध्याकाळी सहाला रक्त पातळ ठेवायची गोळी असायची. मकबूल आले तेव्हा केवळाबाई गोळ्यांचं पाकीट हातात धरून ओट्याशी उभ्या होत्या.

"मकबूलभाई, गोळी दिली का न्हाई, आठवंना."

"शेषू, घेतलीस का?"

"घेतली आसंल. कालची का आजची, काय की."

दुसऱ्यांदा दिली तर रक्तस्राव, राहिली तर झडपेवर गुठळी. मकबूलनी दवाखान्यात फोन लावला. खात्री नसेल तर आज देऊ नका, सकाळी रक्त तपासा, तोवर कुठून रक्त येतंय का बघत राहा, असं उत्तर मिळालं.

तेवढ्यात शेषेरावांचे चुलतभाऊ रेवणप्पा सात माणसं घेऊन फाटकात. केवळाबाईंनी सवयीनं पातेलं चढवलं. मकबूलनी गॅस बंद केला आणि दारात खुर्ची टाकून बसले.

"मकबूलभाई, घर तुमचं हाय का?"

"न्हाई. म्हणून तर भायेर बसलोय."

"आमी रगताचे. तुमी कोन?"

"शिंपी. माप चुकलं तर कापड बदलून देतो. हितं तसं जमत न्हाई."

"मग बघायचं कसं?"

"माझ्या घरी जावा. बायको चहा दील, बातमी बी."

"चहासाठी आलो का आमी?" रेवणप्पा फुगले. तोवर सातातले पाच वळले होते.

दिवे लागल्यावर मकबूल आत पलंगाशी बसले. दर तासाला शेषेरावांना तोंड उघडायला लावून हिरड्या बघत राहिले.

"बैल इकत घ्यायचाय का रे?" शेषेराव म्हणाले. मकबूलनी त्यांचा खालचा ओठ ओढून तिथलंही बघितलं.

सकाळी रक्ताचा रिपोर्ट ठीक आला. गोळी दिली होती की नाही, ते त्यावरून कळलं नाही. केवळाबाई झोपल्या होत्या. त्यांना कुणी उठवलं नाही.