साहेबांच्या खालचा पूल

पाणी कुणासाठी थांबत नाही, म्हणून आपलं पानही थांबता कामा नये, असं आमचे साहेब उद्घाटनाच्या दिवशी गंभीरपणे म्हणाले. गडचिरोलीच्या कचेरीसाठी पुराच्या माहितीचं ते पान मी इंटरनेटवर तयार केलं होतं. दर दहा मिनिटांनी ते आपोआप ताजं व्हावं, असं मी सुचवलं. साहेबांनी दहा सेकंद करायला लावले. नारळ फुटला. पानावर वर साहेबांचा मोठा फोटो होता, खाली वैनगंगेच्या पुलाची स्थिती. मराठी अक्षरं तेव्हा बहुतेक संगणकांवर चौकोन होऊन दिसत, म्हणून तीही चित्र करूनच टाकली होती.

त्या पावसाळ्यात मी रजेवर नदीच्या अलीकडच्या काठाला, सावली या माझ्या गावी आलो आणि पूर आला. बाजारातल्या टेलिफोनच्या दुकानात नेट होतं. शेजारची बाई माझ्यामागोमाग तिथे आली. तिची लेक पलीकडे गडचिरोलीच्या दवाखान्यात बाळंतपणाला गेली होती. पहिलं मूल हाती लागलं नव्हतं. पूल चालू असेल तर बाईला लगेच निघायचं होतं.

पान उघडू लागलं. साहेबांचं कपाळ आलं, मग चष्मा, मग नाक. ओठांपर्यंत येता येता दहा सेकंद भरले. पुन्हा कपाळ.

“हा कोण होय, भाऊ?”

“आमचे साहेब.”

“अन् पूल कुठी हाय?”

“त्यांच्या खाली.”

“मंग त्याले सरकवा ना बाजूले!”

दुकानदार चाचा म्हणाले, “बाई, सरकारी माणूस हाय. असा नाई सरकत.”

ती हसली नाही. पदराचं टोक मुठीत धरून त्या कपाळाकडे बघत राहिली. मी थांबवायचं बटण दाबलं, तर पान चष्म्यापाशीच गोठलं.

शेवटी चाचांनी नेट तोडलं. दुकानात फोनची लाइन एकच, नेटही तिच्यावरूनच चालायचं. ती मोकळी होताच घंटी वाजली. तिचा जावई होता. त्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

“मामी, पोरगी झाली. दोघीबी बऱ्या हायेत. कवापासून लावून राह्यलो, लागूनच नाई राह्यला!”

“मी येऊ?”

“नका येऊ. पूल कालपासून बंद हाय.”

बाई बाकावर बसली आणि मग रडली.

पाणी उतरल्यावर कचेरीत मी ते पान पूर्ण पाहिलं. त्यावर पूर येण्याआधीची तारीख होती आणि पूल चालू होता. माहिती दिवसातून एकदाच भरायची पद्धत होती, आणि ती भरणारा कारकून रोज सावलीहून पूल ओलांडून कचेरीत येत असे.